अ‍ॅपच जेव्हा फोन लावायला सांगते

महोदय,

व्हिडिओचे अ‍ॅप म्हणजे निव्वळ करमणूक, असे मानणाऱ्यांनी ७ मार्च २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी अमेरिकेत टिकटॉक उघडणाऱ्या अनेकांना आधी व्हिडिओ नव्हे, तर एक सूचना दिसली : बंदी थांबवा, पिनकोड टाका, आपल्या खासदाराला फोन लावा. खासदारांच्या कार्यालयांतले फोन खणखणत राहिले. काहींनी तर ते बंदच करून टाकले. फोन करणाऱ्यांत शाळकरी मुलेही होती. डाव मात्र उलटला. ज्या संसदीय समितीपुढे टिकटॉक चिनी मालकाने विकावे, नाहीतर त्यावर बंदी, असे विधेयक होते, तिने त्याच दिवशी ते ५० विरुद्ध ० मतांनी पुढे पाठवले.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातून झालेला कायदा वैध ठरवला, अ‍ॅप काही तास बंद पडले आणि परतले ते ट्रम्प यांचे नाव घेऊन, त्यांना श्रेय देत. तेव्हा त्यांचा शपथविधीही व्हायचा होता!

आपल्याकडे जून २०२० मध्ये हेच अ‍ॅप एका फटक्यात गेले. आमच्या शेजारच्या काकू भाकरी थापतानाचे आपले व्हिडिओ गेले म्हणून महिनाभर हळहळत होत्या. पण खासदाराला फोन करायचे त्यांच्या मनातही आले नाही. उद्या निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या कंपनीने अशी सूचना कोट्यवधी मोबाइलवर झळकवली, तर तो खर्च कोणाच्या खात्यात धरणार? निवडणूक आयोगाने याचा खुलासा आत्ताच करावा.

– एक वाचक, सांगली