सागरी ससा आणि झेब्रा फिंच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाळलेल्या झेब्रा फिंचसारख्या गाणाऱ्या पक्ष्यापुढे समुद्री गोगलगाईचा काय पाड, असं तू लिहिलंस. मला ते मुळीच पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा सागरी ससा, म्हणजे अ‍ॅप्लिजिया, हीसुद्धा समुद्री गोगलगायच. वरून शंख दिसत नाही. त्याचा पातळसा अवशेष अंगाच्या आत असतो. डिवचलं की जांभळी शाई सोडते. आयुष्य जेमतेम वर्षभराचं. अंड्यातून निघालेली अळी पाण्याबरोबर वाहत जाते, आईबाप तिला कधी भेटतच नाहीत. तरी ती शिकते! पाणी बाहेर टाकायच्या तिच्या नळीला हलका स्पर्श केला की कल्ला आत ओढून घेते. तसाच स्पर्श वारंवार झाला की लक्ष देईनाशी होते. शेपटीला विजेचा झटका दिला, तर मग साध्या स्पर्शालाही दचकते. एका झटक्याची आठवण थोडाच वेळ टिकते, पण थांबून थांबून अनेक झटके दिले तर ती कित्येक दिवस राहते. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी आठवणींच्या अभ्यासासाठी तिचीच निवड केली, कारण चेतापेशी सुमारे 20 हजारच, आणि काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. आठवण टिकायची तर पेशीत नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, पेशींमध्ये नवे सांधे जुळावे लागतात, हे तिच्यामुळे कळलं. 2000 सालचं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

त्याच वर्षी शिकागोच्या संशोधकांनी झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूत डोकावून पाहिलं. गाताना पेशी ज्या लयीत चालतात, तीच लय झोपेतही अधूनमधून उमटत होती. झोपेत रियाज, सुहास! वाचून मला भरून आलं.

तुझे फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे. गातो तो फक्त नर, आणि तेही बापाचं ऐकून. महिनाभराचं पिल्लू आधी काहीबाही पुटपुटतं, स्वतःचंच ऐकून सुधारतं. तिसरा महिना सरेपर्यंत गाणं पक्कं होतं आणि जन्मभर तेच राहतं. गोगलगाय एकटीच शिकते, याचं मात्र बापावाचून अडतं. दोघांच्या वाटा 50 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, मग उजवं-डावं कशावरून ठरवायचं?

एक विनंती. एवढ्यात झालेली पिल्लं कुणाला देणार असशील, तर तीन महिने थांब. तोवर त्यांना बापाजवळच राहू दे.

तुझा,
श्रीकांत