पुन्हा तेच बादलीतले खेकडे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पुन्हा तीच बादली अन् तेच मराठी खेकडे, एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. शाळेपासून ऐकून राहिलो हे, पण लिहिणाऱ्यानं कधी दोन खेकडे भांडताना पाहिले का, म्हणून हे पत्र.

माझ्या मामाची मौद्याकडे धानाची शेती आहे. मागच्या पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन नर खेकडे समोरासमोर आले (पोटाखालची पट्टी निमुळती तो नर, रुंद ती मादी, हे मामानं लहानपणीच शिकवलं). दोघंही पायांवर उंच झाले, नांग्या फाकवल्या, थोडा वेळ नुसतं पाहून राहिले, मग मोठ्यानं एकच ढुशी दिली अन् लहाना आडवा सरकत पाण्यात गेला, खेळ खलास. मिनिटही लागलं नसेल.

बहुतेक खेकड्यांचं असंच असते, आधी माप काढायचं, समोरच्याचं अंग अन् नांगी मोठी दिसली तं फुकट अंगावर घ्यायचं नाही. जोडीला जोड असली की मग खरी जुंपते. कोकणातल्या खाडीच्या चिखलात फिडलर खेकडे असतात, त्यांच्यात नराची एकच नांगी अशी अवाढव्य की अंगाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तीच भरेल. ती तुटली तर नवी फुटते, काही जातींत लांबीला तेवढीच पण हलकी, जोर कमी, तरी समोरचा लांबी पाहूनच मागे सरकतो! थापा मारणं तिथंही आहे बाप्पा.

अन् पाय ओढण्याचं म्हणाल तं ऑस्ट्रेलियातल्या फिडलर खेकड्यांवर २००४ साली संशोधन छापून आलं, मोठा नर स्वतःचं बीळ सोडून लहान्या शेजाऱ्याच्या मदतीला जातो, दोघं मिळून बाहेरच्याला हाकलतात. उपकार नाही हो तो, ओळखीचा लहाना शेजारी परवडतो, त्याच्या जागी नवा धटिंगण आला तर धुऱ्याचं भांडण पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे धुऱ्याच्या केसेस दोन-दोन पिढ्या चालतात, त्यांचं हे बरं आहे.

बादलीत मात्र लहान्यानं पळायचं कुठं? वरून घसरडं प्लास्टिक, ज्याला जे सापडलं ते तो धरते.

लेखक महाशयांना माझ्याकडून आमंत्रण द्या, पावसाळ्यात मौद्याला या, मामा धुऱ्यावर नेईल, फक्त बूट जुने घालून या.

आपला एक वाचक,
नागपूर