पुरुषवेषातल्या स्त्रीला कुणी ओळखत कसं नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळावरच्या चित्रपटांबद्दल लेख आला होता. पुरुष म्हणून आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांचे चित्रपट पटत नाहीत, असं लेखकाचं म्हणणं आहे. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहून कुणालाच संशय कसा येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मी नाटकांचे कपडे बेतते आणि शिवते. बाईच्या अंगावर पुरुषाचा पोशाख बसवणं हे माझ्या कामातच येतं. त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही.

एकोणिसाव्या शतकातला युरोपी पुरुषाचा पोशाख बघा. घोळदार लांब सदरा, त्यावर वेस्टकोट, त्यावर फ्रॉक कोट. चांगल्या कोटाच्या छातीत कॅनव्हास आणि कापसाचा थर असे. म्हणजे लोकांना जी छाती दिसे ती शिंप्याने घडवलेली, आतल्या माणसाची नव्हेच. कोटाचा घेर गुडघ्यापर्यंत, त्यात कंबर आणि नितंब झाकले जातात. गळ्याला खळ दिलेली ताठ कॉलर आणि वर रुमाल, मग कंठमणी आहे की नाही कोण बघणार? मला नडते ती एकच जागा, खांदा. बाईला पुरुषी कोट चढवला की मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती शिवण, दंडावर उतरतो आणि बाही हाताच्या बोटांवर येते. खांदा आत घेतला, वर पॅड दिलं की तेही निभतं. शिवाय त्या काळात माणसं चारचौघांत क्वचितच कपडे उतरवत, आणि फौजांमध्ये मिसरूड न फुटलेली पोरं भरपूर असत. दाढी नाही एवढ्यावरून कुणी अडवत नसे.

उरते चाल. लेखकाला अभिनेत्री ग्लेन क्लोजची चाल 'पुरुषी वाटत नाही'. 'अल्बर्ट नॉब्ज' (२०११) मधली ही भूमिका तिने १९८२ मध्ये रंगमंचावरही केली होती, आणि मला तर तिची चालच सगळ्यात पटते. नॉब्ज म्हणजे पुरुष म्हणून जगणारी स्त्री, डब्लिनमधल्या हॉटेलातला वेटर. हात अंगाशी धरलेले, नजर खाली, पाऊल आखूड. आपण पुरुष आहोत हे ठसवण्याचा आवेश कुठेही नाही, आणि तो नसणंच योग्य आहे. नोकराला कुणी निरखून बघत नाही. पाहुण्याला ट्रे हवा असतो, धरणाऱ्याचा चेहरा नको असतो. अशा जागी लपणं सोपं असतं.

त्याच चित्रपटातलं एक दृश्य मी कितीदा तरी थांबवून पाहिलं आहे. ह्यूबर्ट पेज नावाचा रंगारीसुद्धा मुळात स्त्रीच आहे (जॅनेट मॅकटीअरने काय काम केलंय!). त्याची बायको कॅथलीन शिवणकाम करणारी. ती आजारात जाते, आणि मग ह्यूबर्ट आणि नॉब्ज तिचे झगे घालून समुद्रकिनाऱ्यावर जातात. घेर उचलावा कुठे, हात ठेवावेत कुठे, काही सुचत नाही. झगा अंगावर आहे, पण अंग त्याला सरावलेलं नाही. क्लोज आधी अवघडून चालते, मग एकदम धावत सुटते आणि पडते. इतकी वर्षं कोट घातलेल्या शरीराला झगाच वेषांतर वाटू लागतो, हे एकही वाक्य न बोलता कळतं. कपडे शिवणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं?

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. असे बहुतेक चित्रपट गुपित एकाच ठरीव पद्धतीने फोडतात. सदऱ्याची बटणं सुटतात नाहीतर टोपी पडून केस मोकळे होतात, आणि समोरचा थक्क होतो. 'नॉब्ज'मध्येही पिसू चावल्याचं निमित्त होतंच. पण रोजचा निभाव कुणी दाखवत नाही. छाती आवळणारी पट्टी दिवसभरात घामाने भिजते. ती धुवायची कधी, वाळत घालायची कुठे? महिन्याच्या कपड्यांचं काय? ताप भरला आणि डॉक्टरने सदरा काढायला सांगितला तर? भीती या गोष्टींत असते, आणि पडद्यावर त्या जवळजवळ येतच नाहीत.

पटत नाही म्हणणाऱ्यांनी खरी माणसं आठवावीत. डॉ. जेम्स बॅरी १८१२ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर झाले, तेव्हा तिथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. ब्रिटिश सैन्यात ते रुग्णालयांच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर पोहोचले. १८२६ मध्ये केपटाऊनला त्यांनी सिझेरियन केलं आणि आई व बाळ दोघंही वाचली. १८६५ मध्ये ते वारल्यावर अंत्यविधीसाठी शरीराची तयारी करणाऱ्या बाईमुळे ते जन्माने स्त्री असल्याची गोष्ट बाहेर आली. अल्बर्ट कॅशियर १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात इलिनॉयच्या पलटणीत भरती झाले आणि युद्धानंतरही जन्मभर पुरुष म्हणूनच जगले. म्हातारपणी गुपित फुटलं, मनोरुग्णालयात पाठवलं गेलं आणि तिथे त्यांना बळजबरीने स्कर्ट नेसवले. जुने सैनिक मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९१५ मध्ये दफन झालं ते लष्करी गणवेशात. किनाऱ्यावरचं ते दृश्य पाहताना मला कॅशियर आठवतात.

आणि कशासाठी हे सगळं, असं लेखक विचारतात. पैशासाठी, कामासाठी, कधी जीव वाचवण्यासाठी, आणि काहींच्या बाबतीत आपण असेच आहोत म्हणून. बाईला बहुतेक कामांत मजुरी कितीतरी कमी मिळे. इंग्लंडमध्ये १८७० चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची होती. नॉब्ज जमिनीच्या फळीखाली नाणी जमवतो आणि तंबाखूच्या दुकानाचं स्वप्न बघतो, ते या हिशेबात बघायला हवं. पकडलं जाण्याची भीतीही नुसत्या बदनामीची नव्हती. पॅरिसमध्ये १८०० पासून बाईला पुरुषी कपड्यांसाठी पोलिसांचा परवाना लागे. चित्रकार रोझा बोनर यांनी तो काढला होता. सॅन फ्रान्सिस्कोने १८६३ मध्ये असा पोशाख गुन्हाच ठरवला.

लेखात मॅगी ग्रीनवाल्ड यांच्या 'द बॅलड ऑफ लिटल जो' (१९९३) चा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. त्यातली जोसेफिन सुरुवातीलाच स्वतःचा गाल वस्तऱ्याने चिरून घेते. पुढे मेंढ्या राखणं, एकटीने काढलेले हिवाळे, जमिनीचा तुकडा, असं कामाचं आयुष्य दिसतं. पुरवणीत त्या चित्रपटावर सविस्तर लेख यावा ही विनंती. आणि लेखकाने तो बघताना तिच्या कोटाच्या खांद्यांकडे जरूर लक्ष द्यावं.

आपली नियमित वाचक,
एक वेशभूषाकार