'सत्यम सत्यम' चालू असताना आलेला फोन

सोलापूर
रविवार, रात्री साडेअकरा

काय बे दोस्ता,

'पैलवानाचं खरंय का' म्हणून तू मेसेज टाकलास आणि मी नुस्ता अंगठा पाठवून गप बसलो, राग आला असेल तुला. पण आमच्या खात्यात कुणाचा स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर जाऊन पडेल काय नेम नाही. आज साप्ताहिक सुट्टी मिळालीय (मिळालीय हेच लै झालं), पोरं झोपलीत, म्हणून सगळं नीट लिहितो.

खरंय. चार महिने झाले आपला पैलवान सस्पेंड आहे. पहिले तीन महिने अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता, पुढं तो पाऊण होऊ शकतो, पण कागद अजून साहेबांच्या टेबलावरच आहे. विभागीय चौकशी लागलीय आणि त्यात साक्षीदार नंबर तीन म्हणजे मी.

आठवतंय का, भरतीच्या वेळी पहाटे आपण तिघं कंबर तलावाला चकरा मारायचो, तुझी छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढायची नाही म्हणून तू बाहेर पडलास आणि तीन दिवस जेवला नाहीस. आता वाटतं सुटलास बे.

झालं असं की एक बाई ठाण्यात अर्ज घेऊन आली होती, नवरा पिऊन मारतो म्हणून. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तुला कळतंय. अर्ज चौकशीला पैलवानाकडं आला. पहिला फोन जबाबासाठी, दुसरा 'आज त्रास दिला का' म्हणून, मग चहा, मग काय सांगू. नवऱ्याला एकदा बोलवून पैलवानानं दम दिला, तेव्हापासून तिचं मार खाणं थांबलं, हे पण खरंय. आम्ही ठाण्यात हसायचो, 'तपास खोल चाललाय' म्हणायचो. मी पण हसलोय.

वहिनींना, पैलवानाच्या बायकोला, कळलं ते मोबाईलवरून, सगळ्यांचं कळतं तसंच. त्या थेट साहेबांकडं अर्ज घेऊन गेल्या. आणि मग दोषारोपपत्र आलं. मी वाचलंय ते. 'नैतिक अधःपतन', 'बेशिस्त व बेजबाबदार वर्तन', 'पोलीस खात्याची प्रतिमा जनमानसात मलीन केली', सगळे ठरलेले शब्द, दारू पिऊन ड्युटीवर आलेल्याला पण हेच, इकडं पण हेच. वहिनींचं नाव दोन पानांत एकदाच, तेही 'अर्जदार' म्हणून.

तू विचारशील, हा गुन्हा आहे का? नाही. व्यभिचाराचं कलम 497 होतं तोवर होता, तो पण कसला तर बाईचा नवराच तक्रार करू शकायचा, आणि ती दुसऱ्या बाप्याविरुद्ध. लफडं करणाऱ्याच्या बायकोला तिथं काही जागाच नव्हती, नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही, म्हणजे बाई ही शेत आणि दुसऱ्यानं बांध कोरला असा सगळा मामला. त्यात अदखलपात्र, आम्ही नुस्ती एनसी घेऊन कोर्टात जा म्हणायचं. 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं ते कलमच उडवलं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, त्यात पण ते नाही. घटस्फोटाला कारण म्हणून व्यभिचार अजून आहे, दुसरं लग्न केलं तर वेगळा गुन्हा आहे, बाकी पोलीस कुणाला आत टाकू शकत नाही. लष्कराचं निराळं, 2023 ला कोर्टानंच सांगितलं की 2018 च्या निकालाचा त्यांच्या कायद्यांशी संबंध नाही.

पण आम्हाला वर्तणूक नियम आहेत, 1979 चे. दुसरं लग्न करायचं नाही हे त्यात स्वच्छ लिहिलंय. लफड्याबद्दल तसं कुठं नाही, फक्त शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय असं काही करायचं नाही. आता अशोभनीय म्हणजे काय ते ज्याच्या हातात फाईल तो ठरवणार. पैलवानाचा बचाव सहायक लै हुशार माणूस आहे, त्यानं 2022 चा गुजरात हायकोर्टाचा निकाल काढलाय, अहमदाबादच्या एका कॉन्स्टेबलला असल्याच प्रकरणात बडतर्फ केलं होतं, कोर्ट म्हणालं समाजाच्या नजरेत अनैतिक असेल पण खाजगी गोष्ट आहे, नोकरीतलं गैरवर्तन होत नाही, परत घ्या. पैलवान तो निकाल खिशात घेऊन फिरतोय, चहावाल्याला पण दाखवतो.

मी त्याला म्हणालो, तुझी केस तशी नाही बे. तू कुणाशी काय केलंस ते तुझं आणि वहिनींचं, तिथं खात्याचं काय काम? पण ती बाई अर्जदार होती, तिचा कागद तुझ्या हातात होता, ती तुला नाही म्हणू शकली असती का सांग? आणि स्टेशन डायरीत 'पेट्रोलिंगला रवाना' लिहून तू तिच्या गल्लीत गाडी लावायचास, ते तर सरळ सरळ खोटं रेकॉर्ड. गंमत म्हणजे दोषारोपात ह्या दोन गोष्टी खाली, तिसऱ्या-चौथ्या नंबरला, आणि वर नैतिक अधःपतन. तो चिडला, म्हणाला तू कुणाच्या बाजूनं आहेस. उत्तर आलं नाही मला.

आता खरं सांगायचं ते सांगतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, बंदोबस्ताला आमचे पॉईंट शेजारी होते, संमती कट्ट्याच्या बाजूला. अक्षतेचा, म्हणजे यात्रेतल्या लग्नसोहळ्याचा दिवस, सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) आलेले, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडं पांढरेच पांढरे बाराबंदीवाले. पैलवान दुपारीच 'आलोच' म्हणून गेलेला. हजेरीला मी सांभाळून घेतलं. आणि संमती वाचन सुरू झालं, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम', लोक अक्षता टाकायलालेत, तेवढ्यात वहिनींचा फोन. पैलवानाचा फोन लागत नाही म्हणाल्या, पोराला ताप आहे, आहेत का तिथं? मी म्हणालो, 'हायत की वहिनी, इथंच समोर उभे हायत, गर्दीत फोन ऐकू येत नसेल.' तांदूळ माझ्या टोपीवर पडत होते बे, आणि मागनं हजारो लोक सत्यम सत्यम म्हणायलालेत. त्या एकट्या रिक्षा करून पोराला दवाखान्यात घेऊन गेल्या.

मागच्या आठवड्यात त्या घरी आल्या होत्या. मला वाटलं शिव्या देतील. तर विचारलं काय, 'भाऊजी, अर्ज मागं घेता येतो का?' बडतर्फ झाला की पेन्शन गेली, क्वार्टर सोडायचं, पोराची फी कोण भरणार. पोलीस लाइनीतल्या बायकाच सांगायलालेत म्हणे, स्वतःच्या ताटात माती कालवलीस. मी सांगितलं, चौकशी खात्यानं लावलीय, अर्ज मागं घेतला तरी थांबेलच असं नाही. इन्क्रीमेंट रोखण्यावर पण भागू शकतं, अजून काय ठरलेलं नाही. चहा न घेता गेल्या. आमच्या हिनं डब्यात शेंगा चटणी दिली तेवढी नेली.

परवा माझी साक्ष झाली. प्रश्न, अक्षता सोहळ्याच्या दिवशी कसुरदार बंदोबस्ताच्या पॉईंटवर हजर होते काय? मी म्हणालो, नव्हते. हजेरी मी सांभाळली. आणि ते हजर आहेत असं मी त्यांच्या पत्नीला फोनवर खोटं सांगितलं. पैलवान समोर बसलेला, त्यानं मान खाली घातली. टाईप करणारा थांबला, साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, 'हजेरीचं घ्या. पत्नीचं प्रश्नात नाही, ते राहू द्या.'

आता हजेरीबद्दल मलाही नोटीस येईल, येऊ दे.

सही करून बाहेर आलो तर वहिनी बाकावर बसलेल्या, त्यांचा नंबर पुढचा. 'झालं का भाऊजी?' म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि गाडीकडं गेलो. जे आत टाईप झालं नाही ते त्यांना तरी सांगायला पाहिजे होतं, अजून सांगितलेलं नाही. तू दिवाळीला आलास की सोबत चल, एकट्याचा पाय उचलत नाही त्या दारात.

तुझा,
साक्षीदार नंबर तीन