नॉझलवर टक्केवारी लिहा, जुन्या गाड्यांसाठी ई-१० ठेवा

संपादक महोदय,

इथेनॉलमिश्रित पेट्रोलवरून सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ सांगतात की इंजिन बसणार, टाकी सडणार. सरकारी खुलासे सांगतात की चिंतेचे काही कारण नाही. गाडीचा मालक मधल्या मध्ये अडकला आहे, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे मिळत नाही. त्याला एवढेच हवे आहे: माझ्या गाडीत काय जाते, त्याने काय होते आणि त्याचे पैसे कोण देते?

आधी हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण, म्हणजे ई-२०, केले की लिटरमागे ऊर्जा ३० च्या किंचित खाली येते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत जवळपास सात टक्के घट, आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (वेळेआधी न पेटण्याची क्षमता) जास्त असतो हे खरे आहे. पण त्याचा फायदा उठवायला इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती दाबले जाते ते प्रमाण) आणि इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) त्या इंधनासाठी बेतलेले असावे लागते. जुन्या गाडीत तो जास्तीचा ऑक्टेन नुसता जळून जातो.

हे कोणी विरोधकांनी काढलेले आकडे नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्के. त्याच आराखड्यात ग्राहकाला भरपाई म्हणून मिश्रित इंधनावर करसवलत द्यावी, असेही सुचवले होते. मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि गाठलेही गेले. सवलत मात्र तिथेच राहिली. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार घ्या. अ‍ॅव्हरेज पाच टक्के घटले तर महिन्याला साडेतीन लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला १०४ रुपये धरले तर हे ३६० रुपयांच्या वर जाते. रोज स्कूटरवरून कामाला जाणाऱ्याचे नुकसान आकड्याने लहान दिसते, पण त्याच्या पगाराच्या मानाने ते लहान नाही.

इथेनॉल स्वस्त, मग पेट्रोल स्वस्त का होत नाही, असे अनेक जण विचारतात. उत्तर साधे आहे: इथेनॉल आता स्वस्त राहिलेले नाही. २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी मळीपासूनच्या (साखर जवळपास काढून घेतलेल्या मळीपासूनच्या) इथेनॉलचा दर लिटरला ५७ रुपये ९७ पैसे होता, मक्यापासूनच्या इथेनॉलचा ७१ रुपये ८६ पैसे. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खरेदीदर ७१ रुपये ३२ पैसे पडतो, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले, आणि शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा तो महाग असल्याची कबुलीही दिली. तेल कंपन्यांकडून दरकपात होणार नसेल, तर वाट उरते ती कराची. ती केंद्र आणि राज्य या दोघांच्याही हातात आहे, आणि त्यावर सत्ताधारी बोलत नाहीत, विरोधकही नेट लावून बोलत नाहीत.

ऊस उत्पादकाच्या विरोधात हे पत्र नाही. इथेनॉलचे पैसे कारखान्याकडे साखरेच्या पैशापेक्षा लवकर येतात आणि त्यातून एफआरपीची (उसाला कारखान्याने द्यायच्या किमान दराची) थकबाकी निघते, हे कोल्हापूर-सांगलीत कोणाला सांगावे लागत नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी आली, पुढच्या वर्षी ती उठली, आणि दरम्यान मक्याने मोठा वाटा उचलला. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांना त्या काळात कोणी विचारले नाही. मका महागल्यावर कुक्कुटपालन करणाऱ्यांनाही नाही. तेव्हा प्रत्येक आक्षेपाला ‘शेतकऱ्यांसाठी’ हे एकच उत्तर देऊ नये.

आता गाडीत प्रत्यक्ष काय होते ते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे इंधनाला लागणारे भाग ई-२० सोसणाऱ्या साहित्याचे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही त्यासाठी जुळवलेली आहेत. खात्री करायची तर मालकाच्या पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर पाहावे. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा, आणि त्यातही २०२० पूर्वीच्या कार्बोरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेल्या) दुचाकींचा. रस्त्यावर त्यांची संख्या अजून फार मोठी आहे.

पेट्रोल नीट जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० ला सुमारे साडेतेरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरला हा फरक कळतो आणि इंधन थोडे जास्त सोडले जाते. म्हणून अ‍ॅव्हरेज घटते, पण इंजिन नीट चालते. कार्बोरेटरला सेन्सर नाही. जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे) भोक तेवढेच, त्यामुळे मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, पिकअपला गाडी अडखळते, इंजिन तापते आणि प्लग पांढरट दिसतो. बऱ्याचदा मिक्श्चर स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल केला तर आयडलिंग सुधारते. चढावर किंवा भरधाव चालवताना गाडी अडखळत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा लागतो. हे कार्बोरेटर जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, कारण जेट जास्त मोठा झाला तर प्लग काळा पडतो आणि पेट्रोल वाया जाते.

दुसरा त्रास रबराचा. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या, ओ-रिंग आणि फ्लोटच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईचे रबरी टोक इथेनॉलने फुगते किंवा कडक होऊन तडकते. सुईचे टोक फुगले की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पार्किंगमध्ये पेट्रोल ठिबकते. ही आगीला आमंत्रण देणारी गोष्ट आहे. नळी क्लिपजवळ बोटांनी दाबून पाहावी. चिकट लागली, फुगलेली दिसली किंवा बारीक भेगा असल्या तर ती बदलावी, आणि नवी घेताना एफकेएम (इथेनॉलला टिकणाऱ्या) रबराचे अस्तर असलेलीच मागावी. ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मीटरवर विकली जाणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नये, ती वर्षभरात कडक होऊन तडकते. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, आणि ते स्वस्तात होते, असे मंत्रालयाने स्वतः म्हटले आहे. नळी खरेच स्वस्त आहे. पण इंजेक्टर काढून ओ-रिंग बदलायची किंवा टाकीतला पंप उतरवायचा तर मजुरीच जास्त होते.

इथेनॉल चांगले विद्रावकही आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला राळेसारखा थर ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून जुन्या गाडीत ई-२० च्या पहिल्या दोन-तीन टाक्या संपल्यावर फिल्टर बदलणे शहाणपणाचे. गाडी मिसिंग करू लागली की लोक आधी प्लग आणि कॉइलवर खर्च करतात, आणि शेवटी सापडतो तुंबलेला फिल्टर.

पावसाळ्यातला धोका मात्र सर्वांत कमी बोलला जातो. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून जाते, पण मर्यादा ओलांडली किंवा रात्री तापमान उतरले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. पंपाचे तोंड तळाशीच असल्यामुळे इंजिनात आधी जातो तो हाच थर, आणि गाडी बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरलेला असतो. दुचाकीच्या टाकीच्या झाकणाभोवती पाणी निघून जायला बारीक भोक असते. ते मातीने बुजले की पाणी साचून टाकीत उतरते. पातळ तारेने ते मोकळे करावे आणि झाकणाचा रबरी वॉशर पाहावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मोटारीची टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. कार्बोरेटरवाल्या दुचाकीचा कॉक बंद करून खालच्या ड्रेन स्क्रूने फ्लोटची वाटी रिकामी करावी.

पंपावरची फसवणूक ही निराळी डोकेदुखी आहे. पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने मोजून दाखवा, भेसळीचा डाग पाहायला फिल्टर पेपर द्या, घनता दाखवा, हे तिन्ही ग्राहकाचे हक्क आहेत. मापात पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. पण घनतेवरून इथेनॉल किती हे कळत नाही, कारण पेट्रोलची घनता मुळातच बदलती असते. घरी पाहायचे तर मोजनळीत ५० मिलिलिटर पेट्रोल आणि ५० मिलिलिटर पाणी घालून, तोंड बंद करून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर ६० च्या आसपास आला तर मिश्रण सुमारे वीस टक्के. हे उघड्यावर आणि विस्तवापासून लांब करावे, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नये. पाणी घालून इथेनॉल काढून टाका आणि उरलेले पेट्रोल वापरा, असे सांगणारे व्हिडिओही फिरत आहेत. तसे अजिबात करू नका. ऑक्टेन उतरलेले ओलसर पेट्रोल इंजिनाला ई-२० पेक्षा जास्त घातक आहे.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी समाजमाध्यमांवरची टीका ही पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचे म्हटले. ओरड करणाऱ्यांपैकी काहींनी अतिशयोक्ती केली, हे मान्य. पण महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या माणसाला कोणी पैसे दिलेले नाहीत. ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे २००३ पासून पेट्रोल-इथेनॉलच्या कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जात आहेत, आणि लोक पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींचे दर पाहून इंधन निवडतात. ब्रिटनने २०२१ मध्ये ई-१० आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ चे महागडे पेट्रोल ठेवले. आपल्याकडे निवड नाही, आणि नॉझलवर टक्केवारीही बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

मागण्या तीनच आहेत. प्रत्येक नॉझलवर इथेनॉलचे प्रमाण मोठ्या मराठी आकड्यांत लिहावे आणि पावतीवरही छापावे. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई-१० ची स्वतंत्र टाकी २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी ठेवावी. आणि जून ते ऑक्टोबरमध्ये भूमिगत टाकीतल्या पाण्याची रोजची तपासणी, इथेनॉलमिश्रणासाठी असलेल्या, पाणी लागले की रंग बदलणाऱ्या खास पेस्टने करून, तिची नोंद दर्शनी फलकावर लावावी. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला रंग, ब्रश आणि एक फलक एवढाच खर्च आहे. येत्या पावसाळ्याआधी त्या दोन तरी पूर्ण व्हाव्यात.

— एक वाचक, इचलकरंजी