कायदा शनिवारी, सौदा सोमवारी

थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्यावरील रविवारच्या अंकातील लेख वाचला. ३० बाटमध्ये (बाट हे थायलंडचे चलन) उपचार देणाऱ्या त्यांच्या आरोग्य योजनेचे कौतुक रास्तच आहे. २००६ मध्ये लष्करी उठाव करून त्यांना हटवणाऱ्यांनाही ती गुंडाळता आली नाही. उलट ते ३० बाटही माफ करावे लागले. मात्र गरिबांमधील लोकप्रियता हेच त्यांच्या गच्छंतीचे एकमेव कारण, हा लेखाचा सूर पटत नाही.

मोबाइल सेवेच्या सरकारी परवान्यावर गब्बर झालेला हा माजी पोलीस अधिकारी २००१ मध्ये पंतप्रधान झाला. दूरसंचार धोरण ठरवणारे आणि त्यातून कमावणारे घराणे एकच! मोलकरीण आणि ड्रायव्हरच्या नावावर ठेवलेल्या समभागांच्या प्रकरणातून ते त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयात आठ विरुद्ध सात मतांनी सुटले. जानेवारी २००६ मध्ये दूरसंचार कंपन्यांतील परकीय मालकीची मर्यादा २५ वरून ४९ टक्के झाली. सुधारित कायदा शनिवारी लागू झाला आणि सोमवारी शिनावात्रा कुटुंबाने शिन कॉर्प या आपल्या दूरसंचार कंपनीतील हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला सुमारे ७३ अब्ज बाटना विकला. शेअर बाजारातील विक्री म्हणून त्यावर करही भरावा लागला नाही. बँकॉकमधील थाकसिनविरोधी आंदोलन भडकले ते त्यानंतर. लष्कर आले सप्टेंबरमध्ये, आणि त्या उठावाचे समर्थन होऊच शकत नाही. पण एवढ्या मोठ्या लेखात या विक्रीचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.

– एक वाचक, डोंबिवली