आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: बाळंतिणीचा रक्तदाब पुढे कोण मोजणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये औषधशास्त्र शिकवते. प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक चढण्याच्या आजाराचा, धडा आला की वर्गातून एक प्रश्न ठरलेला असतो: कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने उंदीर बरे होतात, तर मग पेठहून सावळघाट चढून येणाऱ्या गरोदर बाईला ती गोळी का नाही?

प्रश्न चुकीचा नाही. या आजारात वार (गर्भाला पोसणारा अवयव) एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन भरमसाट सोडते आणि ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जपणारे घटक अडवून धरते. 2003 साली हेच प्रथिन उंदरांना दिले, तेव्हा गाभण नसलेल्या माद्यांचाही रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. म्हणजे सुरुवात वारेत, पण मार बसतो तो रक्तवाहिन्यांवर. 2011 मध्ये जपानी संशोधकांनी अशा आजारी उंदरिणींना प्राव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिले. ते घातक प्रथिन घटले, रक्तदाब उतरला.

माणसांत मात्र घोडे अडले. युरोपात 1,120 गरोदर स्त्रियांवर झालेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. पस्तिसाव्या आठवड्यानंतर सुरू केलेल्या 20 मिलिग्रॅम प्राव्हास्टॅटिनने आजार टळला नाही. लवकर सुरू केले तर काय, हा प्रश्न अजून खुला आहे. तेव्हा उद्या कुणी स्टॅटिनची योजना घेऊन मंत्रालयात आले, तर कृपया थांबवा. धोका असलेल्या गरोदर बाईला सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेची ॲस्पिरिन मिळाली, तरी पुष्कळ साधेल.

माझे मागणे वेगळे आहे. 2015 चा एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या उंदरिणी व्याल्या, रक्तदाब पूर्ववत झाला. नंतर त्यांच्या मानेतल्या धमनीला मुद्दाम इजा केली, तर भिंतीत स्नायूपेशींची वाढ आणि तंतूंचे जाळे निरोगी उंदरिणींपेक्षा जास्त झाले. वरवर बरी दिसणारी रक्तवाहिनी आतून बरी नव्हती. बायकांचे आकडेही तेच सांगतात: हा आजार होऊन गेलेल्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट.

आता आपल्याकडचे पाहा. बाळंतपणानंतर आशाताईंच्या नेमाच्या भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत; पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत त्या येतात त्या बाळासाठी. मधुमेह-रक्तदाबाची सरकारी तपासणी सुरू होते वयाच्या तिसाव्या वर्षी. सुरगाण्यातली मुलगी विसाव्या वर्षी बाळंत झाली, तर मधली जवळपास दहा वर्षे तिच्या दंडाला पट्टा बांधणे कुणाचेच काम नाही. (बाळाच्या लसीकरणाला ती येतेच, तिथे रक्तदाबाचे यंत्र असते, फक्त तिच्यासाठी कुणी उघडत नाही.)

डिस्चार्ज देताना माता-बाल संरक्षण कार्डावर ‘प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता’ अशी ठळक नोंद सक्तीची करा. अशा प्रत्येक आईला वयाची अट न लावता असंसर्गजन्य आजारांच्या त्याच सरकारी तपासणीत घ्या आणि दरवर्षी तिचा रक्तदाब मोजा. नवे औषध, नवे यंत्र काही लागत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. या नोंदींचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवता येईल. सुरुवात पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांतून करावी, एवढा आदेश आपल्या सहीने निघू शकतो.

आपली,
औषधशास्त्राची एक शिक्षिका, नाशिक